देणाऱ्याचे नाव कुठे लिहावे?



गेल्या वार्षिक सभेत आपल्या सभागृहाच्या छताच्या दुरुस्तीचा विषय निघाला. खर्चाचा अंदाज आणि ठेकेदाराचे दर यावर फारसे कोणी बोलले नाही. वाद रंगला तो संगमरवरी पाटीवर. मोठ्या देणगीदारांची नावे दर्शनी भिंतीवर कोरावीत, असा प्रस्ताव होता. एका ज्येष्ठ सभासदांनी लगेच हरकत घेतली. 'उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, त्याला दान म्हणतात.' त्यावर कोषाध्यक्ष म्हणाले, 'काका, ते खरेच. पण पाटी नाही लावली तर दोन्ही हात खिशातच राहतील.' सभा हसली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

आम्ही आयुष्यभर बँकेत नोकरी केली. ट्रस्ट, सोसायट्या, मदतनिधी यांची खाती सांभाळली. त्यामुळे घरी आल्यावरही तो वाद डोक्यात घोळत राहिला. मोठ्या देणगीदारांचा मान कसा राखावा, याचा जगातल्या मोठ्या संस्थांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. त्यांचे काय चांगले, काय फसले, हे पाहिले तर आपल्या छोट्या पाटीचा प्रश्नही सोपा होईल, म्हणून हा लेख.

प्रश्न आत्ताच का?

२०२५ हे वर्ष जगातल्या मदतकार्यासाठी उलथापालथीचे ठरले. २० जानेवारीला अमेरिकेच्या अध्यक्षांनी जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. १ जुलैला अमेरिकेची परदेशांना मदत देणारी 'यूएसएड' ही संस्था बंद होऊन तिचे उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. एका सरकारने हात आखडता घेतला की लसीकरण, क्षयरोग, कुपोषण या कामांतला पैसा आटतो आणि सगळ्यांचे डोळे खासगी देणगीदारांकडे लागतात.

त्याच वर्षी ८ मे रोजी बिल गेट्स यांनी जाहीर केले, की त्यांचे फाउंडेशन येत्या २० वर्षांत २०० अब्ज डॉलर खर्च करील आणि ३१ डिसेंबर २०४५ रोजी कायमचे बंद होईल. सरकारांचा वाटा घटतो आहे आणि मोठ्या देणगीदारांचा वाढतो आहे. तेव्हा या देणगीदारांना मान किती द्यायचा आणि त्या मानासोबत आणखी काय काय त्यांच्या पदरात पडते, हा प्रश्न आता केवळ शिष्टाचाराचा राहिलेला नाही.

साडेसव्वीस डॉलरपासून

उदाहरणासाठी आम्ही रोटरी फाउंडेशन घेतले आहे. कारण आपल्यापैकी अनेक जण रोटरीचे सभासद आहेत किंवा होते, आणि अमेरिकेनंतर या फाउंडेशनला सर्वाधिक देणगी देणाऱ्या देशांत अलीकडे भारताचे नाव दुसऱ्या क्रमांकावर असते. आपल्या शेजारच्या गुजरातेतील वापीचे कल्याण बॅनर्जी २०११-१२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते आणि फाउंडेशनच्या शताब्दी वर्षात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, ते त्याच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख होते. म्हणजे ही संस्था परकी असली तरी आपल्याला अनोळखी नाही.

१९१७ साली अटलांटा येथील अधिवेशनात रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी एक सूचना मांडली. जगात काही भले करण्यासाठी एक कायम निधी असावा, एवढीच ती सूचना. पुढच्या वर्षी मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या क्लबने पहिली देणगी दिली. रक्कम होती २६ डॉलर ५० सेंट. हो, साडेसव्वीस डॉलर! पुढची कित्येक वर्षे हा निधी मुंगीच्या पावलाने वाढत होता.

जानेवारी १९४७ मध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वारले. आपल्या मृत्यूनंतर फुले वाहण्याऐवजी तो पैसा फाउंडेशनला द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. दीड वर्षात सुमारे १३ लाख डॉलर जमा झाले. तीस वर्षांत जे आवाहनांनी झाले नाही, ते एका माणसाच्या नावाने झाले. त्याच पैशातून १९४७-४८ मध्ये १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पहिल्या शिष्यवृत्त्या मिळाल्या.

संस्थेने यावरून धडा घेतला. १९५७ साली 'पॉल हॅरिस फेलो' हा सन्मान सुरू झाला. १,००० डॉलर देणाऱ्याला तो मिळतो. इथे एक बारकावा आहे आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे हजार डॉलर एकरकमी द्यावे लागत नाहीत. दर वर्षी थोडे थोडे देत दहा वर्षांत पूर्ण केले, तरी सन्मान तोच, पिन तीच. एखादा निवृत्त शिक्षक आणि एखादा कारखानदार यांच्या कोटावर एकच खूण दिसते. शिवाय गेल्या जवळपास सत्तर वर्षांत हा आकडा बदललेला नाही. १९५७ मध्ये हजार डॉलर म्हणजे फार मोठी रक्कम होती. २०२५ मध्ये ती आपल्याकडे पंच्याऐंशी-नव्वद हजार रुपयांच्या घरात जात होती. महागाई वाढत गेली आणि सन्मानाचे दार हळूहळू रुंद होत गेले.

वरच्या पायऱ्या

पुढच्या पायऱ्या मात्र चढत जातात. एकट्याने किंवा पती-पत्नींनी मिळून १०,००० डॉलर दिले की 'मेजर डोनर'. त्यातही २५,०००, ५०,००० आणि १ लाख डॉलर असे टप्पे आहेत. अडीच लाख डॉलर, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्या आसपास, दिले की 'आर्च क्लम्फ सोसायटी'. या सोसायटीच्या सभासदांची छायाचित्रे अमेरिकेतील एव्हन्स्टन येथील मुख्यालयाच्या दालनात झळकतात. काही वर्षांपूर्वी बंगळूरचे रविशंकर डाकोजू आणि त्यांच्या पत्नी पाओला यांनी फाउंडेशनला १०० कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली होती.

बँकेच्या नजरेने पाहिले तर या रचनेत तीन गोष्टी चांगल्या आहेत. एक, प्रत्येक पायरीचा आकडा आधीच छापलेला आहे. अमक्याला हार आणि तमक्याला नुसता नमस्कार, असे कुणाच्या मर्जीवर चालत नाही. दुसरी, सन्मान आणि अधिकार वेगळे ठेवले आहेत. फोटो दालनात लागला म्हणून विश्वस्तपद मिळत नाही. विश्वस्त १५ असतात, त्यांची निवड वेगळ्या पद्धतीने आणि ठराविक मुदतीसाठी होते. तिसरी, वार्षिक निधीत आलेला पैसा आधी तीन वर्षे गुंतवून ठेवतात आणि नंतर जवळपास निम्मा देणगीदारांच्या आपल्याच प्रांताला कामांसाठी परत मिळतो, बाकीचा जागतिक निधीत जातो. त्यामुळे देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले, हे आपल्याच गावात पाहता येते.

दोष नाहीत असे नाही. देणगीच्या प्रत्येक डॉलरमागे देणगीदाराला एक गुण मिळतो आणि ते गुण दुसऱ्याच्या नावावर करता येतात. म्हणून कुणी आपल्या आईला पॉल हॅरिस फेलो करतो, कुणी शाळेच्या मुख्याध्यापिकेला. ही गोष्ट सुंदर आहे. पण त्यामुळे कोटावरची पिन पाहून खिशातून पैसे कोणाचे गेले, हे सांगता येत नाही. आणि 'आमच्या क्लबाचे सगळे सभासद फेलो' अशी चढाओढ लागली की देणगी ही वर्गणी होते. ज्याला परवडत नाही तो संकोचतो, मग बैठकीलाच येईनासा होतो. मानाची पायरी जशी माणसाला वर नेते, तशी ती काहींना दाराबाहेरही ठेवते. हे सांगणारा आकडा कोणत्याच अहवालात नसतो.

पोलिओचा हिशेब

मग या साऱ्या पिना, स्फटिकाची मानचिन्हे आणि छायाचित्रे यांतून निघाले काय? उत्तर आपल्या घरातच आहे. आपल्या पिढीतल्या प्रत्येक वर्गात पोलिओने पाय गेलेला एखादा मुलगा किंवा मुलगी होती. आपल्या नातवंडांच्या वर्गात ती नाही.

रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते, १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख जमले. नंतर गेट्स फाउंडेशन सोबत आले. रोटरीने वर्षाला ५ कोटी डॉलर जमवावेत आणि गेट्स फाउंडेशनने त्यावर दुप्पट घालावेत, अशी व्यवस्था झाली. जून २०२५ मध्ये ती आणखी तीन वर्षांसाठी वाढवण्यात आली. त्यातून एकूण ४५ कोटी डॉलर उभे राहतील, असा अंदाज आहे.

भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते. जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे आपले! २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये फक्त एक. तो शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. या मोहिमेच्या खर्चाचा मोठा भाग भारत सरकारने स्वतः उचलला, हेही इथे नोंदवले पाहिजे. देणगीदारांनी गाडा सुरू केला, पुढे ढकलला. पण तो ओढला सरकारने, म्हणजे तुमच्या-आमच्या कराने.

आणि घरोघरी जाऊन दोन थेंब पाजले कोणी? अंगणवाडी सेविकांनी, आशा कार्यकर्तींनी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी. निळ्या पेटीत बर्फ भरून, पायी, उन्हातान्हात, आणि शेवटी बाळाच्या करंगळीला शाई लावून. आज नैसर्गिक पोलिओ फक्त पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात टिकून आहे. तिथे २०२३ मध्ये दोन्ही देश मिळून १२ रुग्ण होते, २०२४ मध्ये ते ९९ झाले. पाकिस्तानात लस पाजायला गेलेल्या कर्मचाऱ्यांवर आणि त्यांच्यासोबतच्या पोलिसांवर गोळीबार झाले, अनेकांचे जीव गेले. त्या बायकांची नावे कोणत्या दालनात लावली आहेत? मोठ्या देणगीदाराच्या सन्मानाला आमचा विरोध नाही. पण ज्या भिंतीवर पैसा देणाऱ्याचे नाव आहे आणि जीव देणाऱ्याचे नाही, ती भिंत अर्धीच भरलेली आहे, असे आम्हाला वाटते.

नाव न लावणारे

आपल्याकडे गुप्तदानाला मोठे मानतात. पाश्चात्त्य जगात ते नसते, असा एक समज आहे. तो खरा नाही. चक फीनी हे विमानतळावरील 'ड्युटी फ्री' दुकानांच्या धंद्यात अब्जाधीश झालेले गृहस्थ. १९८४ साली त्यांनी धंद्यातला आपला जवळपास सगळा हिस्सा 'अटलांटिक फिलांथ्रॉपीज' या फाउंडेशनच्या नावे करून टाकला. आयर्लंड, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी त्या पैशाने विद्यापीठे आणि दवाखाने उभे राहिले. कुठल्याच इमारतीवर फीनींचे नाव लागले नाही. १९९७ पर्यंत तर हा पैसा कोणाचा आहे, हेच जगाला माहीत नव्हते. धंदा विकताना कागदोपत्री नाव बाहेर आले. एकूण ८ अब्ज डॉलर वाटून २०२० मध्ये त्यांनी फाउंडेशन बंद केले आणि २०२३ मध्ये एका भाड्याच्या घरातल्या साध्या राहणीनंतर ते वारले.

वॉरन बफे यांचे उदाहरण वेगळे. २००६ पासून त्यांनी गेट्स फाउंडेशनला ४० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे शेअर दिले. दारावर नाव मात्र गेट्स यांचेच राहिले. मॅकेन्झी स्कॉट यांनी अलीकडच्या काही वर्षांत १९ अब्ज डॉलरहून अधिक वाटले. त्या संस्थेला पैसे देतात आणि कसे खर्च करायचे ते संस्थेवरच सोपवतात. आपल्या नावाची पाटी लावण्याची अट त्यात नसते.

म्हणजे नाव लावल्याशिवाय कोणी देत नाही, हे काही सर्वस्वी खरे नाही. पण फीनी, बफे यांच्यासारखे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाटी आणि पिन लागते ती तुमच्या-आमच्यासारख्या मधल्या माणसाला. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये लातूर-किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या शाखेत मदतनिधीचा वेगळा काउंटर उघडला होता. एक हातगाडीवाला अकरा रुपये घेऊन रांगेत उभा राहिला. आम्ही म्हणालो, 'भाऊ, एवढ्याला पावती कशाला, डब्यात टाका.' तो म्हणाला, 'साहेब, पावती पाहिजे. घरी मुलांना दाखवायची आहे.' त्याच्या नावाची पावती फाडताना आम्हाला आमच्याच बोलण्याची लाज वाटली. पावती हे पहिले मानचिन्ह. ती अकरा रुपयांनाही तितक्याच आदराने मिळाली पाहिजे.

पाटी उतरवावी लागते तेव्हा

नाव कोरणे सोपे, पुसणे कठीण. सॅकलर या अमेरिकन घराण्याने जगभरच्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना मोठ्या देणग्या दिल्या. दालनांना त्यांचे नाव लागले. पुढे या घराण्यातील काहींच्या मालकीच्या पर्ड्यू फार्मा कंपनीचे 'ऑक्सिकॉन्टिन' हे वेदनाशामक औषध अमेरिकेतील व्यसनाच्या साथीशी जोडले गेले, खटले झाले. २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्यांचे नाव काढले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने सात दालनांवरून ते उतरवले. लंडनच्या संग्रहालयांनीही तेच केले.

यात बँकवाल्याला ओळखीचा वाटणारा एक मुद्दा आहे. कर्ज देताना आम्ही माणसाची चौकशी करत होतो, ठेव घेताना मात्र बराच काळ कोणी काही विचारत नसे. पुढे 'केवायसी' आले आणि ठेवीदारालाही आपली ओळख पटवणे भाग पडले. देणगीचेही तसेच आहे. रक्कम मोठी असेल तर ती कुठून आली, हे नम्रपणे पण आधी विचारले पाहिजे. पाटी लावल्यावर विचारले तर संस्थेची शोभा होते.

मान आणि हुकूम

सर्वांत नाजूक मुद्दा पाटीचाही नाही. तो अटींचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे उदाहरण घ्या. सभासद देशांनी भरायची ठरीव वर्गणी बरीच वर्षे तिच्या अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरत असे. बाकीचा पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यातील बहुतेक 'अमुक कामासाठीच' म्हणून बांधलेला. गेट्स फाउंडेशन हे तिच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक. देणारा पोलिओसाठी देतो म्हणून पोलिओला पैसा आहे. पण ज्या आजारावर कुणा मोठ्या देणगीदाराचे लक्ष गेले नाही, त्याचे काय? कोणाची नियत वाईट नसतानाही प्राधान्यक्रम ठरवण्याचे काम संस्थेच्या हातून निसटते. ही अडचण ओळखूनच २०२२ साली सभासद देशांनी ठरीव वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने ५० टक्क्यांपर्यंत नेण्याचे मान्य केले.

आमच्या शाखेत एका ट्रस्टचे खाते होते. एका गृहस्थांनी त्यांना मोठी मुदत ठेव करून दिली. व्याजातून गरीब मुलांना शिष्यवृत्ती द्यायची आणि तिला त्यांच्या वडिलांचे नाव. इथवर उत्तम. दोन वर्षांनी मुलांची यादी तेच ठरवू लागले. चौथ्या वर्षी ट्रस्टची सभा त्यांच्या सोयीने भरू लागली. जुने विश्वस्त एकेक करून बाजूला झाले. पैसा शेवटपर्यंत चोख होता, हिशेबात एक पैशाची चूक नव्हती. पण संस्था कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बदलून गेले होते.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे : देणाऱ्याला मान भरभरून द्यावा, पण हुकूम देऊ नये.

सांचीचे दगड

यासाठी अमेरिकेतच जायला हवे असे नाही. आपल्या मध्य प्रदेशातच सांचीच्या स्तूपाचे कठडे आणि तोरणे पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचे सहाशेहून अधिक दानलेख तिथे कोरलेले आहेत. व्यापारी, गृहिणी, भिक्षू, भिक्षुणी, कारागीर. विदिशेचे आणि आपल्या शेजारच्या उज्जयिनीचेही. दक्षिण तोरणावरील एक शिल्प विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी कोरल्याचे तिथेच लिहिले आहे. म्हणजे ज्यांनी हातांनी काम केले, त्यांचे नावही दगडावर आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यातही हेच. तिथे खांबाखांबावर देणाऱ्यांची नावे आहेत. त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, आणि वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, शेठ भूतपालही आहे. परप्रांतीय आणि परदेशी मूळ असलेले देणगीदार आपल्याला नवे नाहीत.

या लेखांत बहुधा तीनच गोष्टी असतात. कोण, कुठला आणि 'दान'. रक्कम नसते. कोणी एक खांब दिला, कोणी कठड्याची एक शिळा. कोणाला किती झळ सोसावी लागली, हे दगड सांगत नाही. म्हणूनच कदाचित दोन हजार वर्षांनी ते वाचताना कोणाचा हेवा वाटत नाही.

आणि अहिल्याबाईंचे नाव घेतल्याशिवाय इंदुरात दानाची गोष्ट पुरी होत नाही. काशीचे विश्वनाथ मंदिर, गया, सोमनाथ... बहुतेक कामे होळकरांच्या राज्याबाहेरची. जिथे सत्ता नाही तिथे दिले, म्हणजे दानातून हुकूम चालवण्याचा प्रश्नच नव्हता. आज दोन शतकांहून अधिक काळानंतरही त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आहे, ते काही पाटीमुळे नाही.

आपल्या मंडळापुरते

आता छताकडे येऊ. पुढच्या बैठकीसाठी आम्ही काही सूचना करू इच्छितो.

पहिली, सन्मानाची रक्कम आधी ठरवून जाहीर करावी आणि ती कितीही हप्त्यांत, कितीही वर्षांत पूर्ण करण्याची मुभा असावी. दर दिवाळीला पाचशे रुपये देणारे कुटुंबही एक दिवस त्या भिंतीवर आले पाहिजे.

दुसरी, पाटीवर रक्कम लिहू नये. नावे एकाच आकाराच्या अक्षरांत, वर्णानुक्रमे. आणि त्याच पाटीवर ज्यांनी छतावर चढून काम केले त्या मिस्त्रींची आणि वर्षानुवर्षे सभागृह झाडणाऱ्या मावशींचीही नावे असावीत.

तिसरी, गुप्तदान जरूर घ्यावे, पण ते पाटीपुरते गुप्त. पावतीवर आणि वहीत नाव-पत्ता हवाच. देणाऱ्याची ओळख नोंदलेली नसेल, तर धर्मादाय संस्थेला एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातील जी रक्कम जास्त, तिच्यावरील निनावी देणगीवर ३० टक्के आयकर लागतो. जगापासून लपवा, लेखापरीक्षकापासून नाही.

चौथी, 'ऐंशी-जी'ची सवलत हवी असणाऱ्यांनी २,००० रुपयांवरील रक्कम रोखीने देऊ नये. नव्या करपद्धतीत ही सवलत मिळत नाही, हेही आधी स्पष्ट सांगावे. सवलतीच्या आशेने दिलेले आणि नंतर हिरमुसलेले देणगीदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पाचवी, परदेशातल्या आपल्या मुलांबाबत. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर 'ओसीआय' कार्ड असले तरी ती परकीय देणगी ठरते. त्यासाठी परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते लागते. आपल्या मंडळाकडे ती नोंदणी नाही. तेव्हा प्रेमापोटी आलेले पैसे चुकून खात्यात जमा करून घेऊ नयेत.

सहावी, देणगी स्वीकारतानाच लेखी असावे की नाव किती वर्षे राहील, कोणत्या कारणाने काढता येईल, आणि देणगीमुळे कार्यकारिणीच्या निर्णयात कोणताही हक्क मिळणार नाही.

आणि शेवटची. नावांच्या पाटीशेजारी तेवढ्याच आकाराचा एक काचेचा फळा असावा. त्यावर किती जमले, किती खर्चले, किती उरले, हे दर तिमाहीला लावावे. देणाऱ्याचे नाव वाचणाऱ्याची नजर सहजच हिशेबावर गेली पाहिजे.

सभेत हरकत घेणाऱ्या काकांना आम्ही परवा बाजारात भेटलो. वरच्या सूचना सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, 'मावशींचे नाव लागणार असेल तर माझेही लावा. पण तिच्या खाली.' वर्णानुक्रमाने ते वरच येते, असे आम्ही सांगितले. ते म्हणाले, 'मग वर्णानुक्रम सोडून द्या.' याचा निर्णय बैठकीत व्हावा. सभासदांनी आपले मत बैठकीपूर्वी कार्यालयात लेखी द्यावे, ही विनंती.